माझ्या नावाचा बोकड

३ मार्च, सोमवार. बार्शीतला एक दवाखाना, दुसरा मजला. हजर : मी, स्ट्रेचरवर. आमचे हे, हातात माझ्या चपला घेऊन. धाकटे दीर बाळू भाऊजी, कानाला फोन लावून. आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा आजार जुना, आवाज मात्र अजून शेताच्या बांधावरून गावात पोचेल असा.

आधी माझी ओळख देते. भूम तालुक्यातल्या एका गावात आमची खव्याची भट्टी आहे. सकाळी दूध घेणं, माप, कोणत्या कढईवर कोण बसणार आणि खवा गाडीत कधी चढणार, हे सगळं माझ्याकडं. भिंतीला पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर दिवसभराची कामं. संध्याकाळी पाटी पुसल्याशिवाय मी जेवत नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की मी धांदरट बाई नाही. तरीही जे झालं ते झालं, आणि त्यातलं एक काम अजून पाटीवर आहे.

जबडा

माझी छाती दुखली नाही. जबडा दुखत होता आणि डावा खांदा. उलथण्यानं खवा घोटून घोटून खांदा भरून आला असेल, असं धरून मी तेल चोळत राहिले. त्या सोमवारी दूध मोजताना घाम फुटला आणि हातातलं माप सुटलं. दूध सांडलं म्हणून मी भट्टीवरच्या पोरींवर ओरडले, आणि ओरडता ओरडताच खाली बसले.

बार्शीच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली. "हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा दिसतोय. आजच आत घ्यावं लागेल."

मी विचारलं, "चारच्या आत होईल का? आमची गाडी चारला निघते."

आमचे हे हळूच म्हणाले, "अगं, गाडी जाईल. तू थांब."

भीती नंतर आली. आधी आली ती लाज. अंगावरची साडी उतरवून पाठीमागं नाड्या असलेला झगा घातला, आणि बाळू भाऊजी समोर उभे होते. ज्या दिरासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तो दीर माझी दंडापर्यंत उघडी बाही आवरून देत होता. आजारपणात माणूस आधी असा उघडा पडतो. कुणी तुम्हाला धीर देताना हे सांगत नाही, म्हणून मी सांगते. याची तयारी ठेवा.

मला आत नेलं तेव्हा बाहेर आत्यांनी नवस बोलला. मला हे भाऊजींनी नंतर सांगितलं. दवाखान्याच्या मोजॅकवर बसून, पदर पसरून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पीरसाहेबा, माझी सून हितनं चालत घरी येऊ दी. तिच्या नावाचा बोकड देते. कंदुरी करते. पयला घास तिलाच."

आमच्या शिवेवर पीराचं ठाणं आहे. नवस फेडायला तिथं बोकड कापतात, तिथंच शिजवतात, आणि गावाला जेवू घालतात. त्याला कंदुरी म्हणतात. ज्याच्यासाठी नवस बोलला, त्यानं पहिला घास घ्यायचा. त्यानं घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही.

मी चालत घरी आले. पीरानं त्याचं काम केलं.

वार

दवाखान्यात सकाळचा चहा, मग रक्त काढणं, मग राऊंड, मग शेजारच्या खाटेवरच्या आजीचं कण्हणं. तिसऱ्या दिवशी आहाराचं सांगणारी एक मुलगी आली. माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिनं विचारलं तसं मी खरंखरं सांगितलं. मटण, कोंबडी, अंडी, घरच्या म्हशीचं दूध, साय, तूप. खव्याचं घर म्हटल्यावर खव्याच्या खरवडी तर येताजाता तोंडात.

ती म्हणाली, "डॉक्टर मटण आणि साय-तूप कमी करायला सांगतायत. तुम्हाला पूर्ण शाकाहाराकडं, अगदी दुधाशिवायच्या जेवणाकडं जायचं असेल, तर तेही करता येईल. पण एका दमात नको. एका दमात सोडणारे एका दमात परत येतात."

"मग कसं?"

"तुम्ही वार पाळता ना? कोणते?"

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा. एवढे तर आम्ही आधीपासूनच पाळत होतो.

"मग आता एकेक वार वाढवा."

मला हे एकदम पटलं. आधी बुधवार, तो जमला की शुक्रवार, मग गुरुवार, आणि रविवार सगळ्यात शेवटी, कारण रविवार म्हणजे रस्सा. मी पाटीवर तसं लिहिलं.

याचा एक फायदा आधी ध्यानात आला नव्हता. कुणाच्या घरी ताट पुढं आलं की "मला वार आहे" म्हणायचं. कुणी विचारत नाही, कुणाला राग येत नाही. आजारी आहे, पथ्य आहे, असं म्हटलं की बायका डोळ्यांत पाणी आणून बघतात. त्या बघण्याची मला फार शरम वाटायची. वार आहे म्हटलं की तेवढ्यावर मिटतं.

बाळू भाऊजींनी ओळखलं. जेवताना म्हणाले, "आत्तापत्तुर सात वार ऐकलेते. वैनीला आठवा कोण सापडला?"

आत्या म्हणाल्या, "गप ए. तुला यक बी वार न्हाय, तवा तू बोलू नको."

आणि कोण काय खातं त्याची चेष्टा चालू झाली की भाऊजी गोठ्याकडं बोट दाखवायचे. तिथं आत्यांनी आमच्याच शेळीचं एक करडू वेगळं बांधलं होतं. माझ्या नावाचं. मी शेवग्याचा पाला खुडायला गेले की आत्या म्हणायच्या, "दोन डहाळ्या त्याला बी टाक." मग भाऊजी, "घ्या! वैनी आन बोकड यका पंगतीला."

सगळे हसायचे. मीही हसायचे. पण त्या करडाच्या डोळ्यांकडं मी बघत नव्हते.

आखाड

आता जे सांगायचं आहे ते सांगते. हे लिहिताना मी दोनदा उठून भट्टीवर जाऊन आले.

रविवार सोडून सगळे वार जमले होते. औषधं वेळच्या वेळी, चालणं नेमानं. बायका मला विचारायला यायच्या, वहिनी, तुम्ही कसं केलं? मी त्यांना समोर बसवून सांगायचे. आता आठवलं की कान तापतात.

आखाडात आमच्याकडं भावकीला जेवण असतं. या खेपेला ते बुधवारी, म्हणजे माझ्या वारालाच आलं. श्रावण लागायच्या आत मटणाचं शेवटचं मोठं पातेलं. स्वयंपाक माझ्या हातचा, कारण काळं तिखट कुणी किती टाकावं यावर माझा कुणावरही विश्वास नाही. पुरुषांची पंगत उठली, मग पोरांची. बायकांची पंगत आमच्यात शेवटी. त्या हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी मीठ बघायला म्हणून पळीनं वाटीत रस्सा घेतला.

मीठ बरोबर होतं. ते मला आधीच माहीत होतं.

मग मी एक फोड घेतली. मग वाटी भरली. चुलीकडं तोंड करून, उभ्यानं, गरम गरम, बोटं भाजत, मी खात राहिले. किती वेळा वाटी भरली ते सांगत नाही. बायका आल्या तेव्हा मी पदरानं तोंड पुसलं, त्यांना वाढलं, आणि माझ्या ताटात भाकरी आणि पिठलं घेऊन त्यांच्यात बसले. एक जाऊबाई म्हणाल्या, "बाई, काय मन आहे तुमचं! आमच्यानं न्हाय व्हायचं."

मी म्हटलं, "सवय होते."

रात्री छातीत जळायला लागलं आणि पाठीत कळ आली. मी घाबरले. घरातले माझ्याहून घाबरले. भाऊजींनी गाडी काढली, पुन्हा बार्शी, पुन्हा तो झगा, पुन्हा ती पट्टी. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "हृदयाचं काही दिसत नाही. पित्त आहे. आज काय जड खाणं झालं का?"

खाटेभोवती आमचे हे, भाऊजी, आत्या. तिघं माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "नाही. पिठलं-भाकरी."

आत्या लगेच पुढं झाल्या. "डाक्टरसाहेब, माझ्या डोळ्यादेखत पिठलं खाल्लंय तिनं. सारं घर मटण खातंय आन ती पिठलं खाती. अशी सून न्हाय मिळायची."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. त्यांना कळलं असावं. ते माझ्याकडं न बघता लिहीत होते.

परतताना गाव जवळ आलं तशा आत्या एकदम म्हणाल्या, "मला कळलं. पीर आठवण करून देतोय. करडू ल्हान हाय म्हनून आपण थांबलो, ते त्याला पटलं न्हाय."

"आत्या, डॉक्टर पित्त म्हणालेत," मी म्हणाले.

"पिठल्यानं पित्त व्हतंय व्हय कुनाला?"

याला उत्तर माझ्याजवळ होतं. मी खिडकीची काच वर केली.

घरापुढं गाडी थांबली. आत्यांनी उतरायच्या आधी पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. "करडू भरून कंदुरी होईस्तवर पायात घालणार न्हाय," म्हणाल्या, आणि खडीवरून तशाच आत गेल्या.

घरी आल्यावर यांनी मला पाणी दिलं. दिवा मालवायच्या आधी म्हणाले, "वाटी मी विसळून ठेवली होती. चुलीमागं होती."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

श्रावण आणि नंतर

दुसऱ्याच आठवड्यात श्रावण लागला. अख्खं गाव मटण सोडतं, त्यात मीही एक. भांड्यांना वास नाही, कुणाची चेष्टा नाही. माझ्यासारखं कुणाला सुरुवात करायची असेल, तर श्रावणात करा. आपल्याकडं सोडायचे महिने आधीच ठरवून ठेवलेत, त्यांचा आधार घ्या.

त्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. मला मटणाची ओढ नव्हती, रश्शाची होती. भाजलेल्या मसाल्याचा वास, तर्री, कुस्करलेली भाकरी. मग मी येसराची आमटी करायला लागले. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं येसर आमच्या घरात नेहमी असतंच, पण ते पाहुण्यांसाठी म्हणून डब्यात. आता माझ्या रविवारचा रस्सा तो. कधी त्यात तुरीचे सोले, कधी हुलगे, कधी वांगं. तेल कमी. पहिल्यांदा केली तेव्हा भाऊजींनी दोनदा मागून घेतली आणि मग विचारलं, "ह्यात फोड कुटं हाय?"

रविवार असा गेला. मग अंडी गेली. दूध सगळ्यात अवघड गेलं, कारण दूध आमचा धंदा. मी कोरा चहा घ्यायला लागले तेव्हा दूध घालायला येणारी एक म्हातारी म्हणाली, "का वो वैनी, आमच्या दुधात पानी हाय म्हनून सोडलं का?" सगळ्या हसल्या. मी तिला दम दिला नाही, माप भरून घेतलं. ज्यांच्या म्हशींवर आपलं घर चालतं त्यांच्यासमोर दूध नाही म्हणायची लाज वाटते, अजूनही. खवा जिभेवर ठेवून बघायचं काम आता हे करतात. मी बोटांवर चोळून पोत बघते. तेवढ्यावरही कळतं.

एक काम नक्की करा : दूध सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. माझं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याची गोळी चालू आहे. न सांगता सोडणं ही शूरपणाची गोष्ट नाही.

तब्येत चांगली आहे. तपासण्या चांगल्या आल्या. माझ्या आजारपणाची गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण सगळा पावसाळा आत्या अनवाणी होत्या. चिखलात, गोठ्यात, भट्टीच्या गरम फरशीवर. साखर असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली तर ती भरत नाही, हे मला माहीत आहे. रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय कोमट पाण्यानं धुऊन बघायचे, टाचांना तेल लावायचे. त्या म्हणायच्या, "किती करशील गं माझं." मी मान खाली घालून तेल लावत राहायचे. त्यांना वाटायचं, सून किती लीन आहे.

येळवस

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमचा सगळा भाग शेतात असतो. येळवस. कडब्याची खोप उभी करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि शेतातच जेवायचं. भज्जी, म्हणजे शेतात येणाऱ्या सगळ्या भाज्या आणि ओल्या दाण्यांची बेसन लावून केलेली भाजी. बाजरीचे वाफवलेले उंडे. आणि ताकातली ज्वारीची आंबील. माझ्यासाठी याहून सोपा सण नाही. फक्त आंबील सोडायची, असं मी ठरवून गेले होते.

पंगत बसली तशा आत्या खोपीतून एक छोटं मडकं घेऊन आल्या, कापडानं तोंड बांधलेलं. "हे तुझं. ह्यात ताक न्हाय. चिंचंचा कोळ घालून आंबवलंय. कशी झाली बघ."

"आत्या, कशाला एवढं?"

"वर्साचा सण हाय. सारे आंबील पितेत आन तू पानी पिशील व्हय?"

भाऊजी म्हणाले, "ताक न्हाय तर आंबील कशाची? पांडवाला तरी इचारायचं!"

"पांडव वनवासात व्हते, त्येंला कुटलं ताक!" आत्या म्हणाल्या. मी आंबील प्यायले. आंबट, थंड, थोडी तिखट. चांगली झाली होती.

मी ठरवलं, आज सांगायचं. जेवणं झाल्यावर आत्या बांधाच्या कडेनं घराकडं निघाल्या. मी मागं. तोडलेल्या तुरीची खुंटं जमिनीतून वर आलेली. मी हाक मारणार, तेवढ्यात त्या थांबल्या आणि एक पाय उचलून धरला. टाचेत खुंट घुसलं होतं. मी खाली बसून ते काढलं, पदर फाडून बांधला.

"आत्या, चपला घाला. तुमच्या पाया पडते."

"दोन पायाचं काय घिऊन बसलीस? तू हायस न्हवं? आखाडात तुला नेलं, तवा वाटलं, गेली. मग अनवानी ऱ्हायाचं कबूल केलं. त्यानं ऐकलं. आता संक्रांत झाली की पयल्या बेस्तरवारी कंदुरी. मग घालीन चपला."

मी टाचेवरची गाठ आवळली. तोंड उघडलं. "आत्या, त्या रात्री..."

"काय?"

"काही नाही. चला, जखम धुवायची आहे."

जखम अजून भरलेली नाही. रोज पट्टी बदलते. वाढलेली नाही, एवढंच.

मुलाणी

पीराच्या ठाण्यावर बोकड कापायचा मान रज्जाकभाई मुलाणींच्या घराकडं आहे. मी त्यांना गाठून विचारलं, बोकडाऐवजी दुसरं काही चालतं का.

"मलिदा चालतोय की," ते म्हणाले. "चपाती कुस्करायची, गूळ घालायचा. पीराला गोड बी चालतंय. पन नवस म्हातारीचा हाय. तिनं मुखानं बोलाय पायजे, बोकडाऐवजी मलिदा. तुमी बोलून भागत न्हाय, म्या बी न्हाय."

"त्या ऐकतील का?"

"का ऐकत्या न्हायत, ते तुमालाच ठावं, वैनी." ते बैल सोडायला वळले. बहुतेक सहज बोलले असावेत. मला मात्र तिथून पटकन निघावंसं वाटलं. पीर रागावलाय हे त्यांच्या मनात आहे तोवर त्या मलिदा कशाला बोलतील, आणि ते मनात घातलं माझ्या खोट्यानं.

एक घास खाऊन टाकावा, असं वाटतं. डॉक्टर म्हणालेत, एका घासानं काही होत नाही. पण चुलीपुढची ती वाटी मला माहीत आहे, आणि एक घास कसा असतो तेही. शिवाय तो घास नवसाचा राहणार नाही. माझं खोटं गिळायचा होईल, आणि त्यासाठी गाव पंगतीला बसलेलं असेल.

संक्रांत झाली. कंदुरी येत्या गुरुवारी. पाटीवर सगळं आहे : सरपण, पातेली, ज्वारी दळून आणणं, भावकीला निरोप, मुलाण्यांना निरोप. शेवटचं एक काम सोडून सगळ्यांवर बरोबरची खूण झाली आहे. बोकड चांगला भरलाय. आत्या सकाळपासून त्याच्याजवळ बसल्या आहेत, पट्टी बांधलेला पाय पुढं पसरून, त्याच्या पाठीवरच्या गोचड्या काढत. आत्ताच हाक मारली, "अगं, पाला संपला त्याचा. आन तू मघापासनं दारात का हुबी? काय म्हनायचंय का?"

माळ्यावरून त्यांच्या चपला मी काढल्या आहेत. धूळ पुसली, अंगठ्याचा तुटका टाका शिवून घेतला, आणि उंबऱ्यापाशी, पाय सहज सरकेल अशा, जोडीनं ठेवल्या आहेत.

सांगायचं तेवढं राहिलं आहे.